खोडलेली कॉलेजं

पुणे, ७ एप्रिल १९६६

चि. अंबिका,

परीक्षा संपून दहा दिवस झाले आणि तुझं एका ओळीचं पत्र नाही. दादाचं मात्र आलं. नेहमीसारखंच, कोर्टातल्या अर्जासारखं: "अंबिकाचे पुढील शिक्षणाबाबत काहीच ठरत नाही. तू मास्तरीण आहेस, तूच तिला विचार." वहिनी गेल्यापासून तुझ्या बाबतीत तुझे अण्णा माझं थोडंफार ऐकतात, म्हणून ही संधी मी सोडणार नाही.

काय व्हायचं ते सतराव्या वर्षी कुणाचंच ठरत नाही. ज्यांचं ठरतं त्यांचं बहुतेक बापानं ठरवलेलं असतं. माझ्या शाळेतल्या मुलींना मी सांगते, काय व्हायचं ते बाजूला ठेवा, आधी अर्ज कुठं कुठं करायचे त्याची यादी करा. यादीत एक कॉलेज असं हवं की तिथं घेतीलच. दोन-तीन अशी, की घेतील असं वाटतं. आणि एक असं, की तिथला अर्ज टपालपेटीत टाकताना पोटात गोळा यावा. निकाल लागला की चार दिवसांत धावपळ सुरू होते, तेव्हा यादी आत्ताच हवी.

मी सुरुवात करून देते. पुण्यातली दोन. पहिलं टेकडीखालचं, जुनं. त्याचं मुलींचं वसतिगृह दुमजली आहे आणि वरच्या गॅलरीतून सगळी टेकडी दिसते. दुसरं फक्त मुलींचं, माझ्या खोलीपासून दोन मैल. तिथल्या मुली सायकलनं फिरतात, तूही शिकशील. नागपूरला एक, तिथले गणिताचे प्राध्यापक नावाजलेले आहेत. हैदराबादचं मुलींचं. नांदेडचं नवं निघालेलं. आणि सगळ्यात शेवटी औरंगाबादचं, घरापासून चालत जाण्यासारखं. ते काहीच जमलं नाही तर.

सहा झाली. पटतील ती ठेव, नको ती खोड, पण खोडलीस तर कारण लिही.

तुझी,
कालिंदीआत्या


औरंगाबाद, १५ एप्रिल १९६६

ती. आत्यास अंबिकेचा नमस्कार.

तुझी यादी मिळाली. टपाल दुपारी येतं, अण्णा तेव्हा कोर्टात असतात, म्हणून आधी मीच वाचली. मी तुला लिहिलेलं त्यांना दाखवू नकोस.

पुण्याचं पहिलं नको. वसतिगृह दुमजली आहे आणि गॅलरीचा कठडा किती उंच आहे ते तू लिहिलं नाहीस. दुसरं नको, मला सायकल शिकायची नाही. नागपूरला जायचं तर मनमाडला गाडी बदलायची आणि फलाटावर एकटीनं उभं राहायचं, म्हणून नको. हैदराबादला प्रवेशाच्या आधी डॉक्टर तपासतात असं आमच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या. नांदेडला गोदावरी गावाला लागूनच आहे. सुट्टीच्या दिवशी वसतिगृहातल्या मुली घाटावर जातात म्हणे.

राहिलं औरंगाबादचं. तिथं आमच्या गल्लीतल्या, शाळेतल्या सगळ्या ओळखीच्या मुली जाणार आहेत. म्हणून तेही नको.

सगळं मी पेन्सिलीनं खोडलंय, शाईनं नाही. तुला राग येईल हे मला ठाऊक आहे. तुझ्या माहितीत असं एखादं कॉलेज आहे का, जिथं शेवटच्या बाकावर दाराशी बसता येतं, तास चालू असताना न विचारता उठून जाता येतं आणि दुसऱ्या दिवशी कुणी काही विचारत नाही? असेल तर ते लिही. वसतिगृह नसलं तर बरं.

सारजाबाई तुला दंडवत सांगते. ती अजून आपल्याकडं भांडी-पाण्याला येते. म्हणते, "कशाला लांब जाती पोरी. हितंच ऱ्हा माझ्या डोळ्याम्होरं." मला तिचं पटायलंय.

तुझी,
अंबिका


पुणे, २० एप्रिल १९६६

चि. अंबिका,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग आला. कठड्याची उंची विचारणारी विद्यार्थिनी मला पंधरा वर्षांत भेटलेली नाही. सहापैकी सहा खोडलीस आणि सहा कारणं दिलीस. एवढी कारणं लागतात तेव्हा खरं कारण त्यात नसतं.

इंग्रजीची धास्ती आहे का? की कुणी मुलगा आहे? शेवटचा बाक, दाराशी जागा, मध्येच उठून जायची सोय. असं कॉलेज मुली सहसा एकाच कारणासाठी मागतात. तसं असेल तर मला लिही. दादाला सांगणार नाही, पण तुझी चांगली कानउघाडणी करीन.

माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मी वीस वर्षांची होते. घरातली माणसं रडत होती आणि मी ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज भरत होते. तुझ्यासारखं मुलींनी कठडे मोजत बसायचं ठरवलं असतं तर आज एकही मास्तरीण झाली नसती.

आता माझं ऐक. इथल्या मुलींच्या वसतिगृहाच्या बाई १२ मे रोजी बाहेरगावच्या मुलींना भेटणार आहेत. तुझं नाव मी देऊन आले. दादालाही लिहिते आहे. तू ये, स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग काय खोडायचं ते खोड.

कालिंदीआत्या


औरंगाबाद, २ मे १९६६

चि. कालिंदीस लक्ष्मणचे आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. अंबिका बारा तारखेस येऊ शकत नाही. गेल्या मंगळवारी स्टोव्हचा भडका होऊन तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. मलमपट्टी चालू आहे. काळजीचे कारण नाही.

पुढील शिक्षणाचा विचार तूर्त तहकूब. जालन्याचे एक स्थळ आले आहे. मुलगा महसूल खात्यात आहे, माणसे सभ्य आहेत. त्यांच्याकडून चौकशी चालू असता मुलगी गावोगाव अर्ज करीत आहे हे बरे दिसणार नाही. तरी यापुढे फॉर्म वगैरे पाठवू नयेस.

घराच्या इज्जतीबद्दल तुला मी सांगावे असे नाही. लोक काय विचारतात आणि मग काय होते, हे आपण तुझ्या वेळी पाहिले आहे.

लक्ष्मण


औरंगाबाद, ६ मे १९६६

ती. आत्या,

हे अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून वाच. स्टोव्हचा भडका झालाच नाही. मी पेटत्या स्टोव्हवर पडले.

मला फेफरं येतं. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहायलेय. घरात तो कुणी उच्चारत नाही. अण्णा "चक्कर" म्हणतात.

पहिल्यांदा आलं ते दिवाळीनंतर, जिन्यावर. चार पायऱ्याच राहिल्या होत्या म्हणून वाचले. दुसऱ्यांदा आलं संक्रांतीच्या आधी, भर शहागंजात, भाजीच्या गाड्यांपुढं. शुद्धीवर आले तेव्हा वीस-पंचवीस माणसं वाकून बघत होती. कुणीतरी माझ्या नाकाला चप्पल लावली होती. माझे कपडे ओले झाले होते, आत्या, सगळ्यांसमोर. एक बाई आपल्या पोराला मागं ओढत होती, लागण होईल म्हणून. सारजाबाईनं गर्दीतून मला बाहेर काढलं. वाटेत म्हणाली, "कुणी वळखलं नाय. म्या तुज्या तोंडावर पदर टाकला व्हता." तेव्हापासून मी त्या चौकातून जात नाही. लांबच्या बोळानं जाते.

येण्याआधी मला तांबं तापल्यासारखा वास येतो आणि डावा अंगठा उडायला लागतो. मग काहीच नाही. जणू तेवढा वेळ कुणी कात्रीनं कापून नेला. आता अंगठा नुसता खाजला तरी मी भिंत धरून खाली बसते. परीक्षेला दर पेपरला तीन तास अर्धं लक्ष अंगठ्याकडं होतं.

तुला सांगायचं नाही अशी अण्णांनी शपथ घातली आहे. ती मी मोडायलेय. जालन्याच्या लोकांनाही ते सांगणार नाहीत. मी विचारलं, "तिथं गेल्यावर आलं तर?" ते म्हणाले, "लग्नानंतर बरं होतं." मी म्हटलं, "कुणाचं झालंय?" तर उठून बाहेर गेले. त्या घरात आड आहे, चूल आहे, माडी आहे, आणि मला काय होतं ते तिथं कुणालाच ठाऊक नसणार. दिवसभर मला तेच दिसायलंय.

तू विचारलंस, मुलगा आहे का. नाही. मला गणित आवडतं, एवढंच आहे. गणित करताना अंगठ्याची आठवण राहत नाही.

आत्या, यादीत असं एखादं कॉलेज घाल, जिथं पडलं तरी चालेल.

अंबिका


पुणे, १० मे १९६६

अंबू,

पत्र हातात पडून दोन दिवस झाले. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठले.

तुझ्या द्वारकाआत्याबद्दल तुला काय सांगितलं आहे? माझी धाकटी बहीण, रझाकारांच्या गडबडीत तापानं गेली, असंच ना? तिला ताप नव्हता. तुला होतं तेच तिला होत होतं.

त्या वर्षी गंगापूरचं घर सोडून आम्ही गोदावरीपलीकडं नगर जिल्ह्यात नातलगांकडं राहिलो होतो. पोलिस ॲक्शन झाल्यावर गाव निवळलं, तसे कार्तिकात परत निघालो. कायगावला नदी ओलांडली आणि अलीकडच्या घाटावर आंघोळीला थांबलो. द्वारका सोळा वर्षांची होती. तिच्यापासून हलायचं नाही, असं मला आईनं बजावलं होतं. मी एकोणीस वर्षांची. ओली लुगडी वाळत घालायला मी वर गेले. दहा-बारा पायऱ्या, जास्त नाही. वळून बघते तर घाटावरच्या बायका मागं सरकून उभ्या होत्या. चौदा होत्या. नंतर मी त्या कितीदा मोजल्या असतील. कुणीतरी म्हणत होतं, "अंगात आलंय, शिवू नका." द्वारका पाण्यात पालथी पडली होती. पाणी गुडघाभर होतं, अंबू. उभी राहिली असती तर परकरसुद्धा पुरता भिजला नसता. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यातलीच एक पुढं कुठंतरी बोलली की त्या घरात मिरगी आहे. माझं लग्न मोडलं ते त्यामुळं. पुण्याची मोटार कायगावच्या पुलावरून जाते, म्हणून मी मनमाडवरून आगगाडीनं वळसा घालून येते. तू लहान असताना विचारायचीस, मी सांगायचे की मोटार लागते.

आता मी सांगते ते कर. न्हाणीला आतून कडी लावू नकोस. आडाजवळ, हौदाजवळ जाऊ नकोस. चुलीपाशी एकटी बसू नकोस. जिना उतरायचा तर सारजाबाईला हाक मार. कुठंही जाऊ नकोस. यादी मी फाडून टाकली, बारा तारखेचं नाव काढून घेतलं. पोटात गोळा यावा वगैरे जे मी लिहिलं होतं त्याची मला लाज वाटते. कॉलेज राहू दे. तू जिवंत राहा, मला दुसरं काही नको.

आत्या


औरंगाबाद, ६ जून १९६६

ती. आत्या,

महिनाभर लिहिलं नाही. तुझं पत्र आल्यावर पंधरा दिवस मी बादलीत वाकूनसुद्धा बघत नव्हते. न्हाणीचं दार उघडं ठेवून सारजाबाई तांब्यानं माझ्या अंगावर पाणी घालायची. स्वयंपाक अण्णा करायचे. मी भिंतीला टेकून बसायचे आणि तू लिहिलेलं वाचायचे.

वाचता वाचता एका ओळीपाशी अडायला लागले. चौदा बायका होत्या. पाणी गुडघाभर आणि हाताच्या अंतरावर चौदा बायका. त्यातल्या एकीला जरी माहीत असतं, तर तिनं द्वारकाआत्याला दंडाला धरून वर ओढलं असतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी घरात बसले, जालन्याला गेले, कुठंही गेले, तरी अशाच माणसांत असणार. ज्यांना सांगितलेलं नाही अशा.

मी सारजाबाईला म्हटलं, "मला मोठ्या सरकारी दवाखान्यात ने." ती म्हणाली, "मालक मला उभी कापतील." थोड्या वेळानं पदर खोचून म्हणाली, "चल."

तिथल्या डॉक्टरीणबाई शहरातल्याच आहेत, दखनी बोलतात. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "स्कूल जाते क्या?" मी म्हटलं, मॅट्रिकला बसलेय, पुढचं बंद. त्या म्हणाल्या, "बंद कायकू? दिमाग कू कुछ नै हुआ तेरे." सारजाबाईला दटावलं, "चप्पल, प्याज कुछ नक्को सुंघाओ. मुँह में चमचा नक्को डालो. करवट पे सुलाने का, बाजू का सामान हटाने का, घड़ी देखने की. बस." सारजाबाई म्हणाली, "व्हय, इतकंच?" त्या म्हणाल्या, "इतनाच." गोळ्या दिल्या आहेत. रोज घ्यायच्या, बरीच वर्षं. पूर्ण थांबेल असं त्यांनी कबूल केलं नाही, पण कमी होईल म्हणाल्या. पाण्यात आणि आगीपाशी एकटं राहायचं नाही. आणि आसपासच्या माणसांना सांगून ठेवायचं.

हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. शहागंजातले ते चेहरे आठवले की माझं तोंड बंद होतं.

तरी यादी केली आहे, माझी मी. तीनच नावं. औरंगाबादचं, कारण घर जवळ आहे आणि दवाखानाही. पुण्यातलं मुलींचं, कारण तू आहेस. आणि नागपूरचं, गणितासाठी. ते लिहिताना खरंच पोटात गोळा आला. औरंगाबादच्या आणि नागपूरच्या प्राचार्यांना मी पत्र टाकलं: "मला फेफरं येतं. औषध चालू आहे. मला गणित शिकायचं आहे. अशा मुलीला आपण घ्याल का?" पुण्यात वसतिगृहाचाही प्रश्न आहे, तिथं तू जाऊन विचारशील का? तो शब्द तुला तोंडानं म्हणावा लागेल.

अंबिका


पुणे, २० जून १९६६

चि. अंबू,

जाऊन आले.

वसतिगृहाच्या बाईंनी आनंदानं बसवून घेतलं, चहा मागवला. मी म्हटलं, "माझ्या भाचीला फेफरं येतं." गेल्या अठरा वर्षांत परक्या माणसासमोर हा शब्द मी उच्चारला नव्हता. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. चहा यायच्या आतच नकार आला. "बाकीच्या मुलींच्या आईवडिलांना मी काय सांगू?" त्या वाईट नाहीत, घाबरल्या. मलाही त्यांच्या जागी भीती वाटली असती.

मग कॉलेजच्या प्राचार्यांकडं गेले. ते म्हणाले, वर्गात घेऊ, वसतिगृहाचं आमच्या हातात नाही. म्हणजे तुला माझ्या खोलीवर राहावं लागेल आणि मी दिवसभर शाळेत. न्हाणीघर खाली आहे, जिना लाकडी आणि अरुंद आहे. मी तुला नाही म्हणत नाही. पण खोलीत पाऊल टाकलं की मला तूच त्या जिन्यावर दिसतेस. हे तुझ्यापासून लपवलं तर मी पुन्हा तेच केल्यासारखं होईल, म्हणून लिहिते आहे.

दादाला वेगळं पत्र टाकलं आहे. जालन्याच्या लोकांना त्यानं सांगितलं नाही तर मी सांगेन, असं त्यात लिहिलं आहे. तो तुझ्यावर चिडेल. चिडू दे, पण चुलीपाशी एकटी बसू नकोस.

तुझी,
आत्या


औरंगाबाद, १० जुलै १९६६

ती. आत्यास नमस्कार.

निकाल तुला तारेनं कळवलाच आहे. गणितात शंभरपैकी एक्क्याण्णव आहेत, ते तारेत मावलं नव्हतं.

तुझं पत्र आल्यावर अण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गोळ्यांची पुडी कोनाड्यात होती, ती रोज बघायचे आणि कोर्टात जायचे. पाचव्या दिवशी सुट्टी काढून जालन्याला गेले. संध्याकाळी परत आले, पाय धुतले आणि म्हणाले, "तिकडचं मिटलं." काय बोलणं झालं ते सांगत नाहीत. त्या दिवसापासून ते जास्तच म्हातारे दिसायलेत.

नागपूरहून उत्तर आलं. चार ओळी, टाइप केलेल्या, खेद वाटतो म्हणून. इथल्या प्राचार्यांनी मात्र भेटायला बोलावलं. अण्णा बरोबर आले. प्राचार्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही पडलात तर आम्ही काय करायचं?" डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मी सांगितलं. ते कागदावर उतरून घेत होते. माझ्या तोंडचं एखादं वाक्य कुणी लिहून घेतोय असं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी अण्णांना विचारलं, "आपलं काय म्हणणं?" अण्णा टोपी हातात फिरवत होते. म्हणाले, "साहेब, वर्गातल्या सगळ्यांना सांगायलाच पाहिजे का?" ते म्हणाले, "ते मुलीनं ठरवायचं."

आणि मला ठरवता आलेलं नाही. कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला. पहिल्या दिवशी सांगणार होते. मग दुसऱ्या दिवशी. शेजारी बसते तिचं नाव मनकर्णा, मुकुंदवाडीहून येते, चांगली आहे. रोज तिच्याकडं वळते आणि रोज दुसरंच काहीतरी बोलते. मी शेवटच्या बाकावर, दाराशी बसते.

एवढं करून इथवर आले, आणि एक वाक्य म्हणता येत नाही.

अंबिका


औरंगाबाद, २७ ऑगस्ट १९६६

चि. कालिंदीस आशीर्वाद.

अंबिका ठीक आहे, हे आधी लिहितो म्हणजे तू धीराने पुढे वाचशील.

ती कॉलेजात जाऊ लागल्यापासून मी रोज मधल्या सुट्टीत कोर्टातून निघून कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभा राहत असे. तिला हे ठाऊक नव्हते. ती दिसली की परत फिरत असे. दीड महिन्यात एक दिवस चुकवला नाही. काम सुचत नसे.

परवा गुरुवारी मी फाटकाशी असता आवारात गलका झाला. मुले धावली. मी आत गेलो. व्हरांड्यापुढे अंबिका पडली होती. सभोवार तीस-चाळीस मुले-मुली, आणि तिच्या भोवतीची जागा मोकळी. कोणी जवळ जात नव्हते. एकजण म्हणाला, हात लावू नका. कालिंदी, त्या घाटावर मी मागाहून उतरलो होतो. तो देखावा मी पाहिला नव्हता, नुसता तुझ्या तोंडून ऐकला होता. परवा पाहिला.

मी आत शिरलो आणि जमिनीवर बसलो. तिला कुशीवर वळवले. गोळ्यांच्या पुडीबरोबर अंबिकेने एक चिठ्ठी ठेवली होती, तीत काय करायचे ते लिहिले होते. ती मी रोज वाचत असे, पण तसे तिला कधी बोललो नाही. एका मुलीच्या हातात घड्याळ होते, तिला म्हटले, "पोरी, वेळ बघ." तीन मिनिटे झाली. मग अंबिकेचा श्वास नीट चालू लागला आणि ती झोपेत असल्यासारखी झाली. मुले तशीच उभी होती. मी काही ठरवले नव्हते. तिथेच बसून त्यांना सांगत गेलो. हिला काय होते, ते लागण होण्यासारखे नाही, पुन्हा झाले तर काय करायचे आणि काय करायचे नाही. कोर्टात मी दुसऱ्याचे जबाब लिहून घेतो. स्वतःचा जबाब दिला तो परवा. मला द्वारका नावाची बहीण होती हेही मी त्या मुलांना सांगितले.

आता तुला सांगायचे ते सांगतो. घाटावर उतरण्यापूर्वी तू मला विचारले होतेस, "दादा, तिथल्या बायकांना सांगून ठेवू का, हिला असं होतं म्हणून?" मी नको म्हणालो. आपण गावात परत चाललो आहोत, बोभाटा कशाला, असे म्हणालो. तू विसरली असशील असे मी धरून चाललो. विसरली नसलीस तर तू ते कोणाला बोलली नाहीस, आईलाही नाही. तू वर गेलीस म्हणून द्वारका गेली, असे तू इतकी वर्षे समजत आलीस आणि मी ते तुला समजू दिले. माझ्या मुलीलाही मी त्याच घाटावर उभे करून ठेवले होते.

हे सर्व मी काल अंबिकेला सांगितले. तिने दौत आणि कागद आणून माझ्यापुढे ठेवले. मग म्हणाली, "अण्णा, हे आत्याला लिहा."

आज सकाळी ती कॉलेजात गेली. मी म्हटले, आजचा दिवस राहू दे. ती म्हणाली, आजच गेले पाहिजे, उद्या जमणार नाही. दारापर्यंत जाऊन ती एकदा परत फिरली, मग गेली. माझी भीतीही कमी झालेली नाही. कमी होईल असे वाटत नाही.

मधल्या सुट्टीत मी पुन्हा गेलो. ती आवारात चार-पाच मुलींत बसून डबा खात होती. तिची पाठ माझ्याकडे होती. त्यांतल्या एकीने मला फाटकाशी पाहिले, आणि अंबिकेला कळू न देता, ठीक आहे, जा, अशी हाताने खूण केली. त्या मुलीचे नाव मला ठाऊक नाही.

लक्ष्मण